सरकारी मालमत्ता स्वस्तात विकली जाते, की आधी स्वस्त केली जाते?

उंबरठा (धागाकर्ता)

सांताक्रूझ विमानतळाला लागून असलेले सेंटॉर हॉटेल केंद्र सरकारने २००२ साली ८३ कोटी रुपयांना विकले. एअर इंडियाच्या हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या उपकंपनीकडून ते बत्रा हॉस्पिटॅलिटीने घेतले आणि काही महिन्यांतच सहारा समूहाला ११५ कोटींना विकून टाकले. मधल्या काळात हॉटेलात नवी खोली वाढली नव्हती, जमीन वाढली नव्हती, मुंबईत येणारी विमानेही अचानक दुप्पट झाली नव्हती. तरीही ३२ कोटींचा फरक पडला, म्हणजे खरेदीच्या किमतीवर ३८ टक्क्यांहून अधिक. आज तिथे सहारा स्टार उभे आहे आणि त्याच्या मोठ्या काचेच्या घुमटाकडे बोट दाखवून आमच्या पिढीतले लोक अजून 'जुने सेंटॉर' असेच म्हणतात.

अशा व्यवहारांवर बोलताना आपल्याकडे 'कवडीमोल' हा शब्द लगेच बाहेर येतो. तो शब्द चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. मात्र तो बहुतेक वेळा चुकीच्या मापाने काढलेला असतो. सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे माप म्हणजे आजचा भाव. २००३ साली मारुतीचा शेअर लोकांना १२५ रुपयांना मिळाला आणि आज त्याचा भाव पाच आकडी आहे, म्हणून सरकार बुडाले, हा हिशेब आजोबांनी पुण्यातला वाडा १९७० साली विकल्याबद्दल नातवाने दिवाळीला बसून हळहळण्यासारखा आहे. विकणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होते आणि काय माहीत असायला हवे होते, एवढेच विचारता येते. सेंटॉरचे उदाहरण बोचते ते यासाठी की तिथे वीस वर्षांची पश्चातबुद्धी लागत नाही; तोच ताळेबंद आणि तीच इमारत पाहून दुसरा ग्राहक ११५ कोटी द्यायला तयार होता. मग तो सरकारच्या दारात का आला नाही? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. त्या विक्रीत आरंभी उत्सुकता दाखवणारे होते, पण अखेरीस एकच बोली उरली. एकच बोली असलेला लिलाव हा लिलाव नसतो. ती वाटाघाट असते, आणि तीही अशा विक्रेत्याची ज्याने आपण विकणारच असे आधी जाहीर करून ठेवलेले आहे.

दुसरे उदाहरण हिंदुस्तान झिंक या जस्त काढणाऱ्या सरकारी कंपनीचे. एप्रिल २००२ मध्ये सरकारने या कंपनीचा २६ टक्के हिस्सा स्टरलाइट या खासगी कंपनीला ४४५ कोटींना, म्हणजे शेअरमागे साडेचाळीस रुपयांना दिला. ही किंमत कमी होती का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. जस्ताचा भाव तेव्हा पडलेला होता आणि तो पुढे किती चढेल हे कोणाला सांगता आले नसते. मात्र त्या करारात एक कलम होते, ज्यामुळे खरेदीदाराला सरकारकडून आणखी शेअर मागून घेण्याचा हक्क मिळाला. २००३ साली त्याने तो बजावला आणि आणखी १८.९२ टक्के हिस्सा ३२३.८८ कोटींना घेतला. भागाकार करून पाहिला तर भाव तोच निघतो, साडेचाळीस रुपये. बाजारातला भाव मात्र तोवर बराच वर गेला होता. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातील स्वस्ताई ही बाजाराची लहर नव्हती, ती करारातच लिहून दिलेली होती. (या निर्गुंतवणुकीची चौकशी गुन्हा नोंदवून करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सीबीआयला दिला, म्हणून त्यातील हेतूंविषयी मी येथे काही म्हणत नाही.)

याच कंपनीत सरकारकडे २९.५४ टक्के हिस्सा उरला होता. २०२२-२३ या एका वर्षात कंपनीने शेअरमागे साडेपंचाहत्तर रुपये लाभांश वाटला आणि सरकारच्या वाट्याला त्यातून सुमारे ९,४०० कोटी रुपये आले. विकलेल्या दोन्ही हिश्श्यांचे मिळून ७६९ कोटी आले होते. खासगी व्यवस्थापनामुळेच एवढा लाभांश निघाला असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असू शकते; पण मग त्याच तर्काने सरकारने अधिक हिस्सा हाती ठेवायला हवा होता.

माझे म्हणणे इतकेच आहे की मालमत्ता स्वस्तात जाते ती बहुधा हातोडा पडण्याच्या क्षणी नव्हे. कोण बोली लावू शकेल, मुदत किती, जमीन धरायची की नाही, पुढचे हक्क कोणाचे, ही कागदपत्रे तयार होत असतानाच ती स्वस्त होते, आणि तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष नसते. वर्तमानपत्रे जागी होतात ती किंमत जाहीर झाल्यावर. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

तिसरी_सही

मी तीस वर्षे मालमत्तांचे मूल्यांकन केले आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. उंबरठा यांच्या म्हणण्यात मी एक भर घालतो. मूल्यांकन करणाऱ्याच्या हाती पत्र पडते तेव्हाच अर्धी किंमत ठरलेली असते, कारण पत्रात विचारलेला प्रश्नच उत्तर ठरवतो. एका नगरपालिकेच्या बंद पडलेल्या दवाखान्यासाठी मला आलेल्या पत्रात 'आहे त्या स्थितीत आणि आहे त्या वापरासाठी' असे शब्द होते. दवाखाना बाजारपेठेच्या चौकात होता. समोरच्या गाळ्यांची पागडी ऐकून माणूस गप्प व्हावा. पण मला मोजायचे होते ते गळके छत, तडकलेली फरशी आणि आरक्षणामुळे फक्त दवाखान्यासाठीच वापरता येणारा भूखंड. मी प्रामाणिकपणे मोजले आणि आकडा अर्थातच लहान आला. विक्रीनंतर दोन वर्षांत आरक्षण बदलले. माझा अहवाल आजही बरोबर आहे, हीच त्यातली गंमत.

निर्गुंतवणुकीत, म्हणजे सरकारी हिस्सा विकताना, चार रीतींनी किंमत काढत असत. पुढील वर्षांत येणारी रोकड आजच्या किमतीत आणून बेरीज करणे ही एक, ताळेबंदावरून काढणे ही दुसरी, तशाच दुसऱ्या कंपन्यांच्या भावावरून अंदाज बांधणे ही तिसरी, आणि जमीन-इमारत-यंत्रे वेगवेगळी मोजणे ही चौथी. चालू कंपनीसाठी पहिलीवर भर असतो आणि ते तत्त्वतः योग्यच आहे, कारण कारखाना घेणारा तो मोडून विटा विकण्यासाठी घेत नसतो. पण पहिल्या रीतीत व्याजदराचा आकडा एखाद्या टक्क्याने इकडेतिकडे केला की किंमत शेकडो कोटींनी हलते. २००१ साली बाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीच्या विक्रीच्या वेळी याच रीतीने संपूर्ण कंपनीची किंमत ६५१ ते ९९४ कोटींच्या दरम्यान काढली होती. एवढ्या रुंद पट्ट्यात कोणताही आकडा सुखाने बसतो.

बाल्कोचे नाव घेतलेच आहे तर दुसरी बाजूही सांगतो. तिथे मालमत्ता मोजून संपूर्ण कंपनीची किंमत सुमारे १,०७२ कोटी आली होती. तिचे ५१ टक्के म्हणजे जवळपास ५४७ कोटी. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती, ५१४.४ कोटी होती. स्टरलाइटने ५५१.५ कोटी दिले, तर दुसऱ्या बोलीदाराने, हिंदाल्कोने, २७५ कोटींची बोली लावली होती. कोरब्याच्या कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने विक्री वैध ठरवली. केवळ गाजली म्हणून ती विक्री 'कवडीमोल' धरणे मला पटत नाही.

काळाकभिन्न

आपण सगळे विक्रीची किंमत मोजत आहोत, न विकण्याची किंमत कोण मोजणार? एअर इंडिया दिवसाला सुमारे २० कोटी रुपये गमावत होती. २०२१ मध्ये टाटांनी १८,००० कोटींची बोली लावली, त्यातले रोख फक्त २,७०० कोटी आणि उरलेले कर्ज अंगावर घेतले, म्हणून लोकांनी ओरड केली. राखीव किंमत १२,९०६ कोटी होती आणि दुसरी बोली १५,१०० कोटींची होती. म्हणजे स्पर्धाही झाली आणि राखीव किमतीच्या बरेच वर पैसेही मिळाले. जो बैल रोज पेंड खातो आणि औताला उभा राहत नाही, त्याचा बाजारभाव काढत बसायचे नसते.

उंबरठा (धागाकर्ता)

काळाकभिन्न, बैल मान्य. पण तुमचेच उदाहरण मी माझ्या बाजूने वापरतो. हीच एअर इंडिया २०१८ मध्ये विकायला काढली होती तेव्हा एकही बोली आली नाही, शून्य. तेव्हा सरकारला २४ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवायचा होता आणि खरेदीदाराच्या माथी ठरावीक मोठे कर्ज मारायचे होते. पुढच्या खेपेला शंभर टक्के हिस्सा देऊ केला आणि किती कर्ज उचलायचे हे बोलीदारावर सोपवले, तेव्हा दोन ग्राहक उभे राहिले. कंपनी तीच होती, विमाने तीच होती, उलट मध्ये कोविडची साथ येऊन धंदा अधिकच बसला होता. बदलल्या त्या अटी. अर्थात उरलेले ४६,००० कोटींहून अधिक कर्ज सरकारने वेगळ्या कंपनीत काढून ठेवले आणि ते आपल्याच खिशातून फिटणार आहे, हेही या हिशेबात लिहायला हवे.

खंडाळ्याचा_वारा

विक्रीइतकेच भाडेपट्ट्यांकडेही पाहायला हवे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांच्या पथकर वसुलीचा हक्क २००४ साली रस्ते विकास महामंडळाने आयआरबी या खासगी कंपनीला १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन दिला. खालापूर नाक्यावर रविवारी संध्याकाळी रांगेत अडकलेला प्रत्येक पुणेकर गाड्या मोजून ९१८ कोटी कधीच वसूल झाल्याचे सिद्ध करत असे. मीही पुढच्या-मागच्या गाड्यांना १५ वर्षांनी गुणले आहे.

हा गुणाकार अर्धवट आहे, हे मला पुढे उमगले. आगाऊ मिळालेल्या रकमेला व्याज असते. ९१८ कोटी दसादशे दहा टक्के चक्रवाढीने १५ वर्षे ठेवले तर सुमारे ३,८३५ कोटी होतात, शिवाय रस्त्याची देखभाल ठेकेदाराकडे होती. म्हणजे तुलना ९१८ शी नव्हे, या मोठ्या आकड्याशी करायची. तरीही एक गोष्ट खटकतेच. दर तीन वर्षांनी पथकर १८ टक्क्यांनी वाढणार हे आधीपासून ठरलेले होते. वाहने अपेक्षेहून वाढली तर त्यातला काही वाटा राज्याला मिळेल, अशी सोय असती तर हा वाद निम्म्यावर आला असता. मुदत संपल्यावर २०२० मध्ये पुन्हा निविदा निघाली आणि पुढील दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींचा करार झाला, ज्यातले ६,५०० कोटी आगाऊ होते. पंधरा वर्षांचाच पट्टा होता म्हणून राज्याला दुसऱ्यांदा भाव करता आला.

मिशिगनकाठ

खंडाळ्याचा_वारा यांच्या शेवटच्या वाक्यासाठी माझ्याकडे उलटे उदाहरण आहे. मी शिकागोला राहतो. इथल्या महापालिकेने २००८ च्या शेवटी रस्त्याकडेच्या सुमारे ३६,००० पार्किंग मीटरांचे उत्पन्न ७५ वर्षांसाठी मॉर्गन स्टॅन्लीच्या पुढाकारातील गटाला दिले आणि सुमारे ११५ कोटी डॉलर घेतले. नगरसेवकांना विचार करायला मोजके दिवस मिळाले होते. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की शहराने हे मीटर स्वतःकडे ठेवले असते तर त्यांची किंमत यापेक्षा ९७ कोटी डॉलरहून अधिक भरली असती. हे झाले पैशांचे. मला रोज दिसते ते वेगळेच. मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता ठरावीक मर्यादेपलीकडे बंद ठेवला तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहराने कंपनीला द्यायची. म्हणजे सायकलींसाठी मार्गिका आखायची म्हटली तरी आधी मीटरांचा हिशेब करावा लागतो. आपल्याच रस्त्यावर आपण भाडेकरू झालो आहोत, आणि हा करार २०८३ सालापर्यंत आहे. तेव्हा मी नसेन आणि बहुधा माझी मुलेही गाडी चालवत नसतील.

टेम्सतीर

मला थोडेच सांगायचे आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली रॉयल मेल या सरकारी टपाल कंपनीचा शेअर ३३० पेन्सला विकला आणि पहिल्या दिवसअखेर तो ४५५ वर गेला, म्हणजे सेंटॉरप्रमाणेच ३८ टक्के, हा योगायोग पाहून हसू आले. लेखापरीक्षकांनी सरकारवर अतिसावधपणाचा ठपका ठेवला. पुढे तीन-चार महिन्यांत शेअर ६०० च्याही वर गेला, आणि काही वर्षांनी ३३० च्या बराच खाली आला. तेव्हा 'सरकारने आम्हाला महागात विकला' असे म्हणत कोणी रस्त्यावर उतरले नाही.

भोंगा

मी गिरणगावातला आहे, आणि या सगळ्या चर्चेत मला एक भूमिका उलटी मांडायची आहे. सरकारने मालमत्ता चांगल्या किमतीला विकली आणि तरीही लोक लुटले गेले, असे होऊ शकते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. अपोलोचे १८० कोटी, ज्युपिटरचे २७६, कोहिनूर क्रमांक तीनचे ४२१, एल्फिन्स्टनचे ४४१ आणि मुंबई टेक्स्टाइलचे ७०२. सगळे मिळून २,०२० कोटी. सेंटॉरसारखी एकच बोली नव्हती, चढाओढ होती. तिसरी_सही यांच्या कोणत्याही रीतीने मोजा, विक्रेत्याच्या दृष्टीने व्यवहार उत्तम होता.

पण ही किंमत कशामुळे आली? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा वाटा होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली; शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यातून सुटली. गिरणीत मोकळी जागा असते तरी किती? माझ्या चाळीच्या गच्चीवरून मी पाहत असे, कंपाउंडात या टोकापासून त्या टोकापर्यंत करवतीच्या दात्यांसारखी शेडची छपरेच होती. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदललेला अर्थ नाकारला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ज्या दोन तृतीयांशावर शहराचा हक्क होता तो नियमातल्या एका शब्दाने आटला, आणि तो आटला म्हणूनच लिलावात आकडे फुगले. महामंडळाला महाग मिळाले, मुंबईने फुकट दिले. हे नुकसान कोणत्याच लेखापरीक्षणात येत नाही, कारण मुंबई विक्रेती नव्हती.

उंबरठा (धागाकर्ता)

भोंगा, आपल्या प्रतिसादाने माझ्या मूळ लेखातली उणीव दाखवली. अटींमुळे मालमत्ता स्वस्त होते एवढेच मी लिहिले होते; अटींमुळे ती महागही होते आणि तो फरक तिसऱ्याच्या खिशातून निघतो, हे मी पाहिले नव्हते. तिसरी_सही यांच्या दवाखान्याचे आरक्षण विक्रीनंतर उठले, गिरण्यांचे आधी. क्रम बदलला की लाभार्थी बदलतो.

उसाचा_वाढा

धाग्याचा विषय सरकारी मालमत्तेचा आहे आणि सहकारी साखर कारखाना काटेकोरपणे सरकारी नसतो, हे जाणून लिहितो. पण त्यात शासनाचे भागभांडवल असते आणि कर्जाला शासनाची थकहमी असते. आमच्या भागातला एक कारखाना कर्ज थकल्यामुळे बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकण्याच्या हक्काने, विकला. वडील सभासद होते. विकण्याआधी तीन हंगाम गाळप बंद होते. बंद कारखान्यात काय होते ते सांगतो. पहिल्या पावसाळ्यात रात्री तांब्याच्या तारा जातात, दुसऱ्यात मिलच्या रोलरांवर गंज चढतो, तिसऱ्यात बॉयलरची तपासणी करायलाही कोणी येत नाही. मग मूल्यांकन होते, आणि यंत्रांना भंगाराचा भाव लागतो. विकत घेणाऱ्याने पुढच्याच हंगामात धुराडे पेटवले. तेच रोलर, तोच बॉयलर. वडिलांच्या शेअरचा कागद अजून ट्रंकेत आहे.

तिसरी_सही

उसाचा_वाढा, बंद यंत्राचे मूल्यांकन करताना 'पुन्हा चालू करण्याचा खर्च वजा जाता' अशी एक वेगळी रीत आहे आणि त्यात आकडा भंगाराहून बराच वर येतो. ती वापरायला पत्रात तसे विचारलेले असावे लागते.

आळंदी_रस्ता

पुण्यातले एक उदाहरण राहिले, म्हणून लिहितो. फेब्रुवारी २००२ मध्ये व्हीएसएनएल (विदेश संचार निगम) या सरकारी दूरसंचार कंपनीचा २५ टक्के हिस्सा टाटांना शेअरमागे २०२ रुपयांनी, १,४३९ कोटींना विकला. त्या कंपनीकडे दिल्ली, पुणे, कोलकाता आणि चेन्नईत मिळून सुमारे ७७३ एकर जादा जमीन होती, आणि एकट्या पुण्याजवळच्या दिघीत त्यातली पाचशे एकरांहून अधिक. आपण इथे ज्या चुका मोजतो आहोत ती चूक त्या वेळी टाळली गेली होती. ही जमीन विक्रीच्या किमतीत धरली नाही, ती पुढे वेगळी काढायची असे करारातच ठरले. दक्षता म्हणतात ती हीच.

त्यानंतर जमीन ताब्यात घेण्यासाठी २००५ मध्ये हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची कंपनी स्थापन झाली, आणि जमीन प्रत्यक्ष तिच्याकडे जाण्याची योजना मार्गी लागायला २०१९ उजाडले. सतरा वर्षे. दिघीतली ती जमीन मी रोज पाहतो. विक्री झाली तेव्हा माझा मुलगा पहिलीत होता आणि त्याची शाळेची बस त्या कुंपणाला वळसा घालून जात असे. आता तो नोकरीला लागला आहे आणि आळंदीहून येताना त्याच कुंपणाला वळसा घालतो. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, रस्ता अपुरा पडू लागला, भाव कुठल्या कुठे गेले. आत गवत आहे, पावसाळ्यात हिरवे आणि नंतर पिवळे. ती कवडीमोल गेली नाही हे खरे, पण तिचे मोलही अजून कोणाच्या हाती लागलेले नाही. हा सौदा कोणत्या खात्यात मांडायचा, ते तिसरी_सही यांनी सांगावे.